गार इंजिनाची टिकटिक

चार स्ट्रोकचं डिझेल इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर जागच्या जागी चालत असेल आणि त्यातून मिनिटाला ३०० वेळा टिकटिक येत असेल, तर तपासाचं अर्धं काम तिथेच होतं. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी होते. त्याच दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा डिझेल पेटतं, एकदा इनलेट व्हॉल्व्ह उघडतो, एकदा एक्झॉस्ट. म्हणजे ३०० ची टिकटिक व्हॉल्व्हची, नोझलची, पंपाची किंवा एखाद्या सिलिंडरच्या ज्वलनाशी बांधलेल्या कशाची तरी. ६०० ची असेल तर फ्लायव्हील, पुढची पुली, क्लच असं क्रँकसोबत गरगर फिरणारं काहीतरी. सेकंदाला पाच ठोके कानाला सुटे ऐकू येतात, बोटाने त्यांच्याबरोबर ताल धरता येतो. दहा झाले की त्यांची घरघर होते. मीटर बंद पडलेल्या गाडीवर हा फरक नुसत्या कानाने ओळखणारी माणसं पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेला अजून आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या गॅरेजात, पेठ नाक्याच्या पुढे, एका ट्रकच्या आवाजाचा माग काढला जात असताना मी होतो.

ट्रक वाळवा तालुक्यातला. सहा सिलिंडरचं, जुन्या मेकॅनिकल पंपाचं इंजिन. वर्षभर खडी आणि सिमेंट, हंगामात ऊस. टिकटिक सुरू झाली श्रावणात. मालकांना गावात सगळे आण्णा म्हणतात. त्यांनी गाडी आधी तीन ठिकाणी दाखवली होती. पहिल्याने सांगितलं टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, आणि सगळे टॅपेट सेट करून दिले. आवाज तसाच. दुसऱ्याने सांगितलं नोझल, सहाही नोझल काढून टेस्टिंगला पाठवले, दोन बदलले. आवाज तसाच. तिसऱ्याने बॉनेटवर हात ठेवून सांगितलं, बेअरिंग बोलतंय, हाफ इंजिन काढावं लागेल. हाफ इंजिन म्हणजे हेड उतरवा, पिस्टन, लायनर, रिंगा, बेअरिंग सगळं बाहेर काढा. खर्च मोठा, आणि दिवस त्याहून मोठे.

दिवसांचाच प्रश्न होता. दसरा होऊन गेलेला, कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या बेतात. ऊसतोड टोळीला उचल देऊन झालेली. फडात तोडलेला ऊस वेळेत गव्हाणीपर्यंत पोचला नाही तर दर दिवसाला त्याचं वजन आणि साखर दोन्ही घटतं, आणि मग शेतकरी, मुकादम, कारखाना असे तिघेही एकाच माणसाला फोन करतात. ‘मिस्त्री, हाफ इंजिन काढाय लागंल म्हणत्यात,’ आण्णा म्हणाले, तेव्हा त्यांच्या आवाजात विचारणा कमी आणि धास्ती जास्त होती.

मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी इंजिन चालू करायला सांगितलं, दोन मिनिटं ऐकलं आणि बंद करायला लावलं. ‘आण्णा, गाडी आज न्हेऊ नका. रातभर हितंच राहू द्या. सकाळी गार इंजिन ऐकायचंय मला.’

डिझेल इंजिनात एखादा बारीक आवाज शोधणं अवघड असतं, कारण हे इंजिन मुळातच ठोके देत चालतं. इथे ठिणगी नाही. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्गला जे तत्त्व यशस्वी करून दाखवलं, ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटवण्याचं. आजच्या ट्रकमध्ये पिस्टन हवेला तिच्या आकारमानाच्या साधारण सतराव्या भागात कोंबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या हवेत नोझल डिझेलचा फवारा सोडतं. फवारा तत्क्षणी पेटत नाही. थेंबांची वाफ होऊन ती हवेत मिसळेपर्यंत सेकंदाचा साधारण हजारावा भाग जातो, गार इंजिनात त्याहून जास्त. तेवढ्यात आणखी डिझेल आत आलेलं असतं. मग साचलेलं सगळं एकदम भडकतं, दाब झपकन चढतो आणि त्याचा हादरा ब्लॉकच्या लोखंडाला बसतो. ज्याला आपण डिझेलचा खडखडाट म्हणतो तो हा. सकाळी तो जास्त का आणि गाडी तापल्यावर कमी का, तेही यातूनच कळतं. या सगळ्या गजरात एक टिकटिक वेगळी काढायची, म्हणजे भजन रंगात आलेलं असताना तीस टाळांमधला चुकणारा एक टाळ ओळखायचा. त्यासाठी न चुकणारे एकोणतीस आधी पाठ असावे लागतात.

आणि ते पाठ होण्याइतका काळ या देशाने एका पिढीला दिला, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. १९५४ साली टाटांनी डायम्लर-बेंझबरोबर करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. करार १९६९ ला संपला, पण त्या घराण्यातलं इंजिन राहिलं. ९७ मिलिमीटर बोअर आणि १२८ मिलिमीटर स्ट्रोकचं सहा सिलिंडरचं टाटा ६९७ पुढे कितीतरी वर्षं रस्त्यावर होतं. नोझल आणि पंप बनवणारी, १९५१ साली स्थापन झालेली मायको बंगळूरला. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, कोथरूडला १९६२ पासून कमिन्स. गाड्यांची नावं बदलली, केबिन बदलल्या, आतला मेळ बराचसा तोच राहिला. दहा-बारा वर्षांचं पोरगं पाने पुसायला गॅरेजात आलं आणि चाळिशीत स्वतःच्या गॅरेजचं मालक झालं, तरी त्याच्यासमोर आवाज तेच होते. असं पोरगं गॅरेजात यायला नको होतं, शाळेत जायला हवं होतं, हे खरंच आहे. पण जे ज्ञान या हातांत आणि कानांत साठलं त्याची कुठे नोंद नाही, हेही तितकंच खरं आहे.

सकाळी सहाला गॅरेजात आम्ही पाच जण होतो. मिस्त्रींनी हातात घेतला तो हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक धातूला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची. यामागचं भौतिकशास्त्र पक्कं आहे. लोखंडातला आवाज हवेत उतरताना त्याचा फार थोडा भाग पलीकडे जातो, बाकीचा सीमेवरूनच मागे फिरतो. स्क्रूड्रायव्हर ती सीमा टाळतो: ब्लॉकमधलं कंपन पोलादातून थेट कवटीच्या हाडात येतं. शिवाय टोक जिथे टेकलं तिथलंच मोठ्याने ऐकू येतं, चार बोटं सरकवलं की दुसरं. पंख्याचा, टर्बोचा, बाहेरच्या रस्त्याचा आवाज मागे पडतो. चालत्या पंख्याजवळ हे करायचं तर गळ्यातला टॉवेल आणि सैल बाही आधी काढून ठेवायची, हे मिस्त्रींनी मला पहिल्यांदा सांगितलं आणि इंजिन नंतर चालू केलं.

पहिले काही प्रश्न झटपट सुटले. गाडी उभी असतानाही आवाज येतोय, तेव्हा टायरच्या नक्षीत अडकलेला दगड नाही, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस नाही. क्लच दाबला, फरक नाही. पट्टा काढून क्षणभर इंजिन फिरवलं, फरक नाही, म्हणजे अल्टरनेटर आणि वॉटर पंप सुटले. एअर टाकी भरली, कॉम्प्रेसर मोकळा फिरू लागला, तरी टिकटिक तीच. ताल पाचाचा.

मग त्यांनी रॉकर कव्हरवर स्क्रूड्रायव्हर एकापाठोपाठ एक सहाही सिलिंडरच्या जागी टेकवला. टॅपेटची टिकटिक असती तर एका जागी ती टोचल्यासारखी स्पष्ट झाली असती. तशी झाली नाही. कुठेतरी थोडी कमी, कुठेतरी थोडी जास्त. त्यांनी मान हलवली, आणि आता जी चाचणी केली ती या पिढीची खरी कमाई आहे.

मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात पंपापासून प्रत्येक नोझलला वेगळा पाइप जातो. चालू इंजिनावर त्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल केला की त्या सिलिंडरचं डिझेल नटातूनच गळतं आणि तो सिलिंडर न पेटता नुसता फिरतो. व्हॉल्व्ह मात्र पूर्वीसारखेच उघडत-मिटत राहतात. आता आवाज तसाच राहिला तर तो व्हॉल्व्हच्या मेळातला. गेला किंवा दबला तर तो ज्वलनाच्या दाबावर जगणारा. एक, दोन, तीन, चार, पाच: प्रत्येक वेळी इंजिन लंगडलं, टिकटिक कायम. सहाव्याला, केबिनच्या बाजूला, नट सैल झाला आणि टिकटिक जवळजवळ गेली. नट आवळला, परत आली. हे त्यांनी पुन्हा एकदा करून दाखवलं, आण्णांना नीट ऐकू यावं म्हणून.

‘म्हंजी बेअरिंगच की वं मिस्त्री?’ आण्णांचा चेहरा उतरला. सहाव्याचा कनेक्टिंग रॉड, असंच त्यांना वाटलं. आणि हा तर्क चुकीचा नाही, रॉडच्या बेअरिंगचा ठोकाही डिझेल तोडलं की दबतो. पण मिस्त्री घाईत नव्हते. त्यांनी इंजिन तापू दिलं. पंधरा-वीस मिनिटांत टिकटिक मऊ झाली, मग विरत गेली. रात्रभर गाडी ठेवून घेतली होती ती याचसाठी. बेअरिंग झिजलं असेल तर आवाज तापल्यावर वाढतो, कारण गरम ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीत टिकत नाही, गेजवरचा ऑइल प्रेशरचा काटाही खाली बसतो. इथे काटा जागेवर आणि आवाज उलट कमी. शिवाय बेअरिंगचा ठोका जड, पोटातून आल्यासारखा असतो. हा कोरडा आणि धारदार होता. तापल्यावर जे मिटतं ते फट असणार: धातू प्रसरण पावतो आणि फट बुजते. ड्रायव्हरने तेवढ्यात आठवून सांगितलं की भरलेली गाडी खंबाटकी चढताना आवाज परत येतो, विशेषतः डोंगराच्या अंगाला. हेही जुळलं. चढावर दाब जास्त, आणि डोंगराची कड आवाज परत फेकते.

फट दोनच ठिकाणी असू शकत होती. एक, नोझलच्या बुडाशी असलेला तांब्याचा वॉशर. तो बसला नसेल तर दाबलेला वायू नोझलच्या कडेने वर येतो आणि तिथे डांबरासारखा काळा थर साचतो. सहाव्या नोझलचं बूड कोरडं होतं. दुसरं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला आणि इंजिन थंड झाल्यावर ते पुन्हा चालू करून रबरी नळीचा तुकडा घेतला. एक टोक कानाशी, दुसरं मॅनिफोल्डच्या कडेने फिरवत. धातूचा ठोका सळईतून कळतो, वायूची गळती नळीतून. मागच्या कोपऱ्यात नळी गेली आणि त्यांनी तशीच ती माझ्या कानाला लावली. तिथे टिकटिक नव्हतीच. तिथे फट्, फट्, फट् असे हवेचे फटके होते.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधल्या वायूत अजून बराच दाब शिल्लक असतो. तो एका धक्क्यात मॅनिफोल्डमध्ये येतो, आणि शेजारी बारीक फट असेल तर तिच्यातून छोटा स्फोट झाल्यासारखा बाहेर पडतो. दर दोन फेऱ्यांना एक. टॅपेटच्या आवाजाशी त्याचा वेग तंतोतंत जुळतो, म्हणून पहिल्या मिस्त्रीची गफलत झाली. त्याला दोष देता येणार नाही. पाच पावलांवरून ऐकलं तर दोन्ही आवाज एकच आहेत.

आरसा आणि बॅटरी घेऊन पाहिलं, तर मागच्या टोकाच्या एका बोल्टला डोकंच नव्हतं. हेडच्या लोखंडावर काजळीची पंख्यासारखी पसरलेली खूण. टोकाचाच बोल्ट तुटतो, याचाही हिशेब मांडता येतो. सहा सिलिंडरचा मॅनिफोल्ड सुमारे ७० सेंटिमीटर लांब. बीडाची एक मीटर लांबी दर अंशाला साधारण ११ मायक्रॉनने वाढते. ओझ्याखाली मॅनिफोल्ड साडेचारशे अंशांनी तापला तर तो साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबतो. ज्या हेडला तो आवळलेला आहे ते पाण्याने थंड ठेवलेलं, त्याची वाढ जेमतेम अर्धा मिलिमीटर. उरलेले तीन मिलिमीटर दोन टोकांना वाटले जातात. गाडी तापली की टोकाचे बोल्ट एका बाजूला ओढले जातात, थंड झाली की दुसऱ्या. वर्षानुवर्षं, रोज.

एवढ्या बारीक गळतीकडे कानाडोळा करणारे खूप आहेत. करू नये. टर्बोला मिळायचा वायू बाहेर जातो, ओढ कमी होते, धूर आणि डिझेल वाढतं. आणि फट केबिनच्या बाजूला असेल तर रात्री गाडीत झोपणाऱ्या ड्रायव्हर-क्लीनरच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड जाऊ शकतो, ज्याला वास नसतो.

दुरुस्तीचा दिवस गेला तो त्या एका बोल्टवर. डोकं तुटलेला बोल्ट हेडच्या आत, पृष्ठभागाच्या बरोबरीने मोडलेला. त्यात ड्रिल मारून उलट्या आट्याचं हत्यार घालून काढण्याचा एक मार्ग आहे, पण ते हत्यार कडक पोलादाचं असतं आणि आत मोडलं तर त्यात ड्रिलही शिरत नाही, मग हेडच उतरवावं लागतं. मिस्त्रींनी तो मार्ग घेतला नाही. आदल्या संध्याकाळपासून बोल्टवर डिझेल सोडत ठेवलं होतं. आता तुटक्या तोंडावर एक नट धरला आणि वेल्डरने नटाच्या भोकातून बोल्टवर वेल्डिंगचा थेंब सोडला. दोन गोष्टी एकदम होतात: धरायला नवं डोकं मिळतं, आणि उष्णतेने बोल्ट फुगून गंज सुटतो. पहिला नट पाना लावताच निघून आला. दुसराही. तिसरा लावल्यावर त्यांनी लगेच पाना घातला नाही. नट तांबड्याचा काळा होईपर्यंत थांबले, मग पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, डिझेलचा थेंब, पुन्हा पाव फेरा. किर्र आवाज करत बोल्ट हलला तेव्हा गॅरेजातल्या पोरांनी शिट्ट्या वाजवल्या.

मॅनिफोल्डवर पट्टी धरून पाहिली तर तो धनुकलीसारखा वाकलेला. तो कराडला फेसिंगला गेला, दुसऱ्या दिवशी परत आला. नवे गॅसकेट, सगळेच बोल्ट नवे, आवळणी मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, आणि गाडी एकदा तापून गार झाल्यावर पुन्हा एक फेर. गार इंजिन चालू झालं. फट् गेली होती.

पण एक टिकटिक शिल्लक होती. पहिलीपेक्षा बरीच हलकी, आणि आता ती रॉकर कव्हरवर दुसऱ्या सिलिंडरच्या जागी टोचत होती. मोठ्या आवाजाखाली ती इतके दिवस झाकली गेली होती. कव्हर काढलं, तर दुसऱ्याच्या एक्झॉस्टची फट मापापेक्षा जास्त. पहिल्या गॅरेजात टॅपेट सेट केले होते ते गरम इंजिनावर, घाईत. हे माप किती बारीक असतं त्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: कमिन्सच्या ५.९ लिटरच्या जुन्या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनाला, गार असताना, इनलेटला पाव मिलिमीटर आणि एक्झॉस्टला साधारण अर्धा मिलिमीटर. फट जास्त झाली तर रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो आणि टिकटिक येते. कमी झाली तर आवाज येत नाही, आणि तेच जास्त वाईट: व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. म्हणून एखाद्याने टॅपेट आवळून आवाज घालवून दिला तर खूश होऊ नये, असं मिस्त्री आवर्जून सांगतात.

सेटिंगची त्यांची पद्धत सहा सिलिंडरच्या सगळ्या गॅरेजांत चालते. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. जोड्या एक-सहा, दोन-पाच, तीन-चार. पाचव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह झुलायला लागले, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडू लागलाय, की दुसऱ्याचे दोन्ही पूर्ण मिटलेले असतात. तिथे फिलर गेजची पाती घालायची, ती किंचित धरून सरकली पाहिजे. पाती सैल की घट्ट हे मोजायला आकडा नाही, दोन बोटं आहेत. मिस्त्रींनी पाती मला सरकवून पाहायला दिली, मग स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवून पुन्हा दिली. फरक होता, आणि एकदा कळल्यावर तो विसरणं शक्य नाही.

हे सगळं ज्या इंजिनावर चालतं ते आता मावळतंय. धुरावरचं बीएस-४ हे बंधन देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला, बीएस-६ १ एप्रिल २०२० ला. नव्या ट्रकमध्ये कॉमन रेल असते. हे तंत्र ट्रकमध्ये पहिल्यांदा आणलं जपानी डेन्सोने, १९९५ साली. त्यात डिझेल एका समाईक नळीत सतत प्रचंड दाबाखाली उभं असतं, आणि संगणक सांगेल त्या क्षणी नोझल उघडतं. मुख्य फवाऱ्याआधी एक चिमूटभर फवारा सोडता येतो, त्यामुळे भडका सौम्य होतो आणि डिझेलचा तो जुना खडखडाट उतरतो. त्या गाड्यांवर नट सैल करायची चाचणी कोणी कधीही करू नये. दाब २,००० बारच्या घरात असतो. त्या दाबाची केसासारखी बारीक धार कातडीतून आत शिरते, बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत डिझेलने मांस मरत जातं. वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात जातो. कानावर भरवसा असलेल्या जुन्या माणसांनी हे सगळ्यात आधी शिकून घ्यायला हवं.

त्याऐवजी स्कॅनर एकेक सिलिंडर बंद करून दाखवतो. संगणक तर त्याच्या पुढे जातो: प्रत्येक पेटीनंतर क्रँक किती वेग घेतो ते मोजून कोणता सिलिंडर मागे पडतोय ते सांगतो. मिस्त्रींची पाइपाची चाचणीच आहे ती, नट न उघडता केलेली. अडचण अशी की कंपनीचं पूर्ण सॉफ्टवेअर बाहेरच्या गॅरेजला सहजी मिळत नाही, आणि बाजारातले स्कॅनर सगळ्या चाचण्या करत नाहीत. शिवाय मॅनिफोल्डच्या बोल्टवर सेन्सर नसतो. डोकं तुटलेला बोल्ट पडद्यावर दिसत नाही. तो ऐकावाच लागतो.

नव्या गाड्यांनी नवे आवाजही आणलेत. विजेवर चालणारं नोझल स्वतःच टिकटिकतं, आणि ते निरोगी असतं. धूर स्वच्छ करायला सायलेन्सरमध्ये युरियाचं पाणी फवारणारी झडप टकटक करते, तीही निरोगी. अशा आवाजांना घाबरून मालक येतात, आणि कुणीतरी त्यांचं इंजिन उघडून ठेवतं. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तिथल्या प्रत्येक वर्गात निरोगी आणि आजारी इंजिनांच्या आवाजांचा संग्रह असावा, आणि मुलांनी तो महिनोन्महिने ऐकावा, असं मला मनापासून वाटतं. मायक्रोमीटर वाचायला शिकवतो तसंच ऐकायला शिकवता येतं.

त्या गॅरेजात ते काम सुरू झालंय, कुणी न सांगता. मिस्त्रींचा पुतण्या प्रत्येक आवाज फोनवर रेकॉर्ड करतो. वेग कमी करून वाजवला की घरघरीतलेही ठोके सुटे होतात आणि मोजता येतात, हे त्याने स्वतः शोधलं. फाइलला नाव देतो: कुठलं इंजिन, गार की गरम, कितव्या सिलिंडरजवळ फोन धरला, आणि शेवटी काय निघालं. शेवटचा रकाना भरल्याशिवाय तो फाइल ठेवत नाही. उघडून डोळ्यांनी पाहिलेल्या दोषाचाच आवाज खरा, अशी काकांची अट आहे.

आण्णांच्या ट्रकच्या तीन फाइली झाल्या. मॅनिफोल्डच्या आधीची, नंतरची आणि टॅपेटनंतरची. गाडी न्यायला आले तेव्हा आण्णांनी त्या तिन्ही आपल्या फोनवर मागून घेतल्या. त्यांच्या मेहुण्यांचा ट्रक पुढच्या आठवड्यात टॅपेटवाल्या त्याच पहिल्या मिस्त्रीकडे जायचा होता, आणि त्यालाही सकाळी गार इंजिनावर टिकटिक येत होती.